बिल ऑफ एंट्रीत ड्युटीची सवलत घ्यायची राहिली? काजू कारखानदारांसाठी दुरुस्तीपासून रीफंडपर्यंतची वाट

आपल्याकडची काजू बी मार्च ते मे एवढीच. त्यावर कारखाना वर्षभर चालत नाही, म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले आपण बरेचजण आफ्रिकेची बी आणतो. ती न्हावा-शेव्याला उतरते, सीएचए (कस्टम्सची कामं करणारा एजंट) कागद करतो, ड्युटी भरली की ट्रेलर घाटमाथ्यावरून नाहीतर मुंबई-गोवा महामार्गाने कुडाळ-सावंतवाडीकडे निघतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडे केलेली नोंद, फाइलला लागतं आणि पुन्हा कुणी उघडून बघत नाही.

मीही बघत नव्हते. जानेवारीअखेर टांझानियाच्या बीचे दोन कंटेनर आले. मार्चमध्ये कुडाळ एमआयडीसीतल्या एका कारखानदारांशी बोलताना कळलं, की त्यांची टांझानियाची बी बेसिक ड्युटी न भरता सुटली. घरी येऊन फाइल काढली. बिल ऑफ एंट्रीच्या ड्युटीच्या पानावर बीसीडीच्या (बेसिक ड्युटीच्या) रकान्यात नोटिफिकेशनचा, म्हणजे सवलतीच्या सरकारी अधिसूचनेचा, नंबर आणि त्याचा अनुक्रमांक लिहायच्या दोन ओळी असतात. माझ्या बिलावर त्या कोऱ्या होत्या. खाली दर होता २.५ टक्के. आणि त्याच फाइलमध्ये, दोन पानं मागे, टांझानियाचं मूळ देशाचं प्रमाणपत्र शिक्क्यासकट लावलेलं होतं.

ते पैसे परत मिळाले, पण सगळं निस्तरायला वर्षाच्या वर गेलं, आणि त्यातले चार महिने तर केवळ उलट्या क्रमाने गेल्यामुळे वाया गेले. तो क्रम तुम्हाला आधीच माहीत असावा म्हणून हे लिहिते आहे.

१. चूक नेमकी कुठल्या जातीची आहे ते ठरवा

सगळ्या चुका एका औषधाने बऱ्या होत नाहीत.

वजनात शून्य जास्त पडलं, बेरीज चुकली, इन्व्हॉइस नंबरात आकडे उलटे झाले, तर ती लिखाणाची किंवा आकडेमोडीची चूक. कस्टम्स अधिनियम, १९६२ च्या कलम १५४ मध्ये अशी चूक सुधारता येते.

सवलतीचं नोटिफिकेशन घालायचंच राहिलं, मूळ देश चुकीचा पडला, एचएस कोड (मालाच्या वर्गाचा नंबर) चुकला, तर ती नोंदीतली चूक. तिला कलम १४९ लागतं, म्हणजे कागदपत्रात दुरुस्ती. काजूवाल्यांची बहुतेक प्रकरणं याच जातीची असतात.

तिसरी जात म्हणजे कस्टम्सच्या अधिकाऱ्यानेच तुमचं म्हणणं नाकारून जास्त ड्युटी लावली. तिथे दुरुस्तीचा अर्ज चालत नाही, अपील करावं लागतं. आयुक्त (अपील) यांच्याकडे जायला आदेश मिळाल्यापासून ६० दिवस असतात, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस. त्यापुढे दार बंद.

२. एका कंटेनरचा हिशोब कागदावर मांडा

आधी आकडा हातात हवा. सालासकट काजू बीचा एचएस कोड ०८०१ ३१ ००. तिच्यावरची बेसिक ड्युटी २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्क्यांवर आली. त्या ड्युटीच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्याच्या बेरजेवर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी.

समजा एका कंटेनरची कस्टम्सने धरलेली किंमत ३०,००,००० रुपये आहे:

- बेसिक ड्युटी ७५,०००
- अधिभार ७,५००
- आयजीएसटी, ३०,८२,५०० वर, १,५४,१२५

सवलत घेतली असती तर पहिल्या दोन रकमा शून्य झाल्या असत्या आणि आयजीएसटी १,५०,००० वर थांबला असता. म्हणजे जादा गेले ८२,५०० अधिक ४,१२५.

आता नीट लक्ष द्या. ते ४,१२५ रुपये रीफंडमध्ये मागायचे की नाही, हे तुम्ही त्याचं क्रेडिट घेतलंय का यावर ठरतं. बहुतेकांनी त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये आयजीएसटीचं पूर्ण क्रेडिट घेतलेलं असतं. घेतलं असेल तर तो आकडा अर्जात घालू नका. एकच रक्कम दोन्हीकडून मागितल्यासारखं होतं आणि त्या एका आकड्यापायी अख्खा अर्ज संशयात येतो. बेसिक ड्युटी आणि अधिभार यांचं क्रेडिट कुठेच मिळत नाही. तो शुद्ध खर्च, आणि तोच परत मागायचा.

३. तुमचा माल सवलतीत बसतो का?

आफ्रिकेची बी म्हणजे सवलत, असं अजिबात नाही. भारताने २००८ मध्ये अल्पविकसित देशांसाठी ड्युटीमुक्त आयातीची योजना आणली. ती नोटिफिकेशन ९६/२००८-कस्टम्सने चालते. टांझानिया, मोझांबिक, बेनिन हे त्यातले देश. घाना, आयव्हरी कोस्ट आणि नायजेरिया अल्पविकसित देशांच्या यादीत नाहीत, त्यामुळे तिथल्या बीवर २.५ टक्के भरावेच लागतात. आपल्याकडे व्यापारी सर्रास 'आफ्रिकन माल' म्हणतात, दरही आउट-टर्नवर (बीतून किती गर निघतो त्यावर) बोलला जातो आणि देशाचं नाव शेवटी येतं. कस्टम्समध्ये ते पहिलं येतं.

दोन अटी तपासा. एक, बी त्या देशातच पिकलेली हवी आणि तसं तिथल्या अधिकृत संस्थेचं प्रमाणपत्र हवं. दोन, माल तिथून थेट आलेला हवा. वाटेत कोलंबोला किंवा सलालाला जहाज बदललं म्हणून लगेच सवलत जात नाही, पण मूळ बंदरापासून न्हावा-शेव्यापर्यंतचं सलग बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती) दाखवता आलं पाहिजे आणि मधल्या देशात माल विकला-उतरवला गेलेला नसावा.

४. तारखा लिहून भिंतीला लावा

रीफंडची मुदत कलम २७ प्रमाणे ड्युटी भरल्या तारखेपासून एक वर्ष. कंटेनर सुटल्यापासून नाही आणि चूक सापडल्यापासूनही नाही. आणि नोंद दुरुस्त होऊन आली तरी घड्याळ नव्याने सुरू होत नाही. २०२५ च्या वित्त अधिनियमाने हे कायद्यातच स्पष्ट केलं आहे.

माझ्या बाबतीत ड्युटी जानेवारीअखेर भरलेली, चूक सापडली मार्चमध्ये. दहा महिने हातात आहेत म्हणून मी निवांत होते. दुरुस्तीचा आदेश हातात पडला डिसेंबरात. रीफंडचा अर्ज पोचला तेव्हा वर्ष भरायला अकरा दिवस उरले होते. ते अकरा दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

ड्युटी भरताना 'हरकत राखून', म्हणजे अंडर प्रोटेस्ट भरली असेल तर ही एक वर्षाची मर्यादा लागत नाही. पण तसं भरतानाच लेखी नोंदवलेलं असावं लागतं.

५. कागद जमवा

- बिल ऑफ एंट्री आणि आउट ऑफ चार्जची (माल सोडल्याच्या कस्टम्सच्या आदेशाची) प्रत
- ड्युटी भरल्याचं चलन
- इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग
- मूळ देशाचं प्रमाणपत्र, मूळ प्रत
- फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र
- कॅरोटार नियम, २०२० (सवलतीसाठी मालाचा मूळ देश तपासण्याचे नियम) खालचा फॉर्म १, भरून सही केलेला
- आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड), जीएसटी नोंदणी आणि सीएचएला दिलेलं अधिकारपत्र

हे सगळे शेजारी शेजारी मांडा आणि पेन घेऊन जुळवत जा. पोत्यांची संख्या, निव्वळ वजन, इन्व्हॉइस नंबर, निर्यातदाराचं नाव. माझ्या एका कंटेनरच्या प्रमाणपत्रावर ३२० पोती होती आणि पॅकिंग लिस्टवर ३१९. एक पोतं बंदरात फाटून कमी झालेलं. निर्यातदाराकडून तसं पत्र मागवेपर्यंत तीन आठवडे गेले. अर्ज आत गेल्यावर ही शंका निघाली असती तर तीन महिने गेले असते.

फॉर्म १ कडे दुर्लक्ष करू नका. सवलत मागणाऱ्या आयातदारालाच माल त्या देशाचा कसा ठरतो हे माहीत असायला हवं, अशी या नियमांची अपेक्षा आहे. 'प्रमाणपत्र आहे ना' एवढ्यावर भागत नाही. ही माहिती बिल ऑफ एंट्री केल्यापासून किमान पाच वर्षं जपून ठेवायची असते.

आणि सगळ्यात मोठी अट. माल सुटल्यानंतर कलम १४९ खाली दुरुस्ती हवी असेल, तर ती फक्त माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या आधारे मिळते. शब्द 'अस्तित्वात' आहे, 'हातात' नव्हे. माझं प्रमाणपत्र जहाज निघण्याआधीचं होतं, फक्त ते कुरियरमध्ये अडकलं होतं. म्हणून मी वाचले. माल सुटल्यावर निर्यातदाराला सांगून नवं प्रमाणपत्र काढून आणलं असतं तर ते इथे उपयोगाचं नव्हतं. म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख आणि आउट ऑफ चार्जची तारीख आधी शेजारी ठेवून बघा.

६. आधी नोंद दुरुस्त करा, पैसे नंतर मागा

चार महिने मी इथेच गमावले. ज्यांच्याकडे काम दिलं होतं त्यांनी एप्रिलमध्ये सरळ रीफंडचा अर्ज टाकला. ऑगस्टमध्ये तो परत आला, कारण बिल ऑफ एंट्रीवर अजून २.५ टक्केच होते. कस्टम्सच्या दृष्टीने मी नोंदीप्रमाणे देणं होतं तेवढंच भरलं होतं, मग परत काय मागते?

यामागे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी आयटीसीच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की आयातदाराने स्वतः केलेलं असेसमेंट (ड्युटी ठरवणं) हेही असेसमेंटच. ते बदलून घेतल्याशिवाय रीफंड मिळणार नाही. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आता अपील हा एकच रस्ता उरला. पण २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डायमेन्शन डेटा प्रकरणात स्पष्ट केलं, की असेसमेंट कलम १४९ किंवा १५४ खालीही बदलून घेता येतं. न्हावा-शेवा याच न्यायालयाच्या हद्दीत येतं, म्हणून आपल्या अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

आता एक नवा रस्ताही आहे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने कलम १८अ आणलं, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. त्यात माल सुटल्यावर आयातदार स्वतःहून नोंद सुधारून ड्युटी पुन्हा ठरवू शकतो, आणि पैसे परत येणार असतील तर ती सुधारित नोंदच रीफंडचा अर्ज मानली जाते. दोन फेऱ्यांची एक होते. मात्र त्या मालाबाबत ऑडिट, झडती किंवा समन्स सुरू झाल्याचं तुम्हाला कळवलं गेलं असेल तर हा रस्ता बंद. आज माझ्यावर ही वेळ आली असती तर मी सीएचएला पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की माझं प्रकरण १८अ मध्ये बसतं का.

७. दुरुस्तीचा अर्ज कसा लिहावा

अर्ज न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसमध्ये, तुमच्या मालाचा ग्रुप बघणाऱ्या सहायक किंवा उपायुक्तांच्या नावे. असेसमेंट आता फेसलेस असल्यामुळे तुमचं बिल दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्याने पाहिलेलं असू शकतं, पण माल सुटल्यानंतरच्या दुरुस्तीसाठी जायचं ते माल उतरला त्या बंदरात.

दोन पानांच्या वर लिहू नका. मी शेवटी जो अर्ज दिला त्यात चारच परिच्छेद होते: बिलाचा नंबर आणि तारीख, कुठल्या रकान्यात काय पडलंय आणि काय हवं, प्रमाणपत्राचा नंबर, तारीख आणि ते माल सुटण्याआधीचं असल्याचं विधान, सोबतचे कागद. 'काय पडलंय, काय हवं' हा भाग तक्त्यात लिहा. अधिकाऱ्याला तेच दोन रकाने सिस्टीममध्ये बदलायचे असतात.

'सीएचएची चूक झाली' याचं पुराण लावू नका. कायद्यापुढे बिल ऑफ एंट्री तुमचं आहे.

अर्जाची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. नुसत्या ईमेलवर राहू नका. मी दोनदा रात्रीच्या कोकणकन्येने पहाटे पनवेलला उतरून तिथून कस्टम हाउसला गेले. पहिल्या खेपेला समजलं, की माझ्या फाइलमध्ये बिल ऑफ लेडिंगचं मागचं पान स्कॅनच झालं नव्हतं, आणि फाइल त्याच्यासाठी थांबलेली होती. पान समोर ठेवल्यावर काम पुढे सरकलं. अधिकारी नीट बोलले, प्रश्न नेमके विचारले. लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक फेरी तरी स्वतः मारावी असं माझं ठाम मत आहे.

८. रीफंड, आणि त्यातली खरी अडचण

दुरुस्त झालेलं बिल हातात आलं की रीफंडचा अर्ज. कागदात काही कमी असेल तर कस्टम्स त्रुटी कळवतं; ती लगेच भरून द्या. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर त्यापुढे कलम २७अ खाली ६ टक्के व्याज मिळतं.

बहुतेकजण अडतात ते वेगळ्याच प्रश्नावर: ही ड्युटी तुम्ही गिऱ्हाइकाकडून आधीच वसूल केली नाही कशावरून? जादा ड्युटी काजूगराच्या दरात घालून विकली असेल, तर ती तुम्हाला परत न देता ग्राहक कल्याण निधीत जाते. वसूल केलेली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

याचं उत्तर तुमच्या वहीत लागतं. ती रक्कम ताळेबंदात 'कस्टम्सकडून येणे' अशी दिसली पाहिजे. ती नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून टाकली असेल, तर खर्च म्हणजे मालाच्या किमतीत गेली, किमतीत गेली म्हणजे गिऱ्हाइकाने दिली, असाच अर्थ लावला जातो. सीएचं प्रमाणपत्र लागतंच, पण नुसतं 'भार दुसऱ्यावर टाकलेला नाही' अशा एका वाक्याचं प्रमाणपत्र तोकडं पडतं. सीएने कुठली खाती, कुठली बिलं पाहिली ते त्यात आलं पाहिजे. सोबत लेजरचा उतारा आणि ताळेबंदाचं पान जोडा.

म्हणून चूक सापडली त्याच आठवड्यात, ३१ मार्चच्या आत असाल तर उत्तमच, सीएला फोन करा. मला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि वर्ष बंद व्हायच्या आत नोंद फिरवता आली. एप्रिलमध्ये कळलं असतं तर पुढचं सगळं अवघड झालं असतं.

९. चूक उलटी असेल तर

कधी उलटंही होतं. माल घानाचा आणि सवलत घेतली गेली, किंवा प्रमाणपत्र दुसऱ्याच खेपेचं लागलं. तिथे गप्प बसू नका. नोटीस यायच्या आत स्वतःहून फरकाची ड्युटी व्याजासकट भरली आणि लेखी कळवलं, तर कलम २८ प्रमाणे साध्या चुकीत दंड लागत नाही. व्याज वर्षाला १५ टक्के आहे, तेव्हा जितकं लवकर भराल तितकं बरं. हेतुपुरस्सर लपवलं असं ठरलं तर गोष्ट फार वेगळ्या पातळीवर जाते.

१०. पुढच्या कंटेनरच्या वेळी

माझ्या बिलात सवलत का राहिली, ते नंतर कळलं. जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरावं लागतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार. प्रमाणपत्र कुरियरमध्ये, जहाज उद्यावर. म्हणून बिल साध्या दराने भरून टाकलं गेलं, आणि मला विचारायचं राहून गेलं.

अशा वेळी सीएचएला सांगा, की कलम १८ खाली तात्पुरतं असेसमेंट मागा. बाँड द्यावा लागतो, माल सुटतो आणि दर नंतर पक्का होतो. तेही जमत नसेल तर निदान ड्युटी हरकत राखून भरा.

आता मी जहाज निघतानाच निर्यातदाराकडून प्रमाणपत्राचा स्कॅन मागवते. आणि सीएचएने बिल दाखल करण्याआधी पाठवलेली चेकलिस्ट स्वतः वाचते. ती पाच-सहा पानांची असते, पण मला त्यातल्या चारच गोष्टी बघायच्या असतात: मूळ देश, एचएस कोड, निव्वळ वजन, आणि बीसीडीखालच्या त्या दोन ओळी. त्या कोऱ्या असतील तर मी 'ओके' पाठवत नाही, रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी.